न ऐकलेलं गाणं

४ तारीख, सोमवार
आले एकदाची नातीच्या छावणीत. खोली झकास. नळाला गरम पाणी, पलंगावर बसलं की उसळी. भिंगरीने मिठी मारून माझा चष्मा वाकवला. एवढीशी पोर, पाच मजली लोखंडी माणूस चालवते! त्याच्या छातीत बसून ही गाते, गाणं त्याच्या भोंग्यांतून सुटतं आणि आभाळातून उतरलेली ती पिवळट धुडं जागीच फुटतात. मी म्हटलं, तुझे आजोबा गायला लागले की माणसं उठून जायची, पण फुटलं कुणी नव्हतं.

६, बुधवार
छावणीच्या साहेबांनी चहा पाजून मुद्द्याला हात घातला. एकदा ऐकलेलं गाणं धुडांना बाधत नाही, उलट ती ते शिकतात. रेडिओवरची, पुस्तकांतली सगळी वापरून संपली. तेव्हा कुठे म्हातारी आठवली! भिंगरीला दात येताना मी एक अंगाई जुळवली होती, ती घराबाहेर कुणी ऐकलेली नाही. बंद खोलीत तिला पुन्हा शिकवली. बाहेर गुणगुणू नका, अशी तंबी मिळाली. छावणीच्या भिंतीला धुडं कान लावून पडलेली असतात म्हणे. मी काय खुळी आहे?

९, शनिवार
भिंगरी उद्या जाणार. तिच्या अंगरख्याचं बटण लावत खिडकीत बसले होते. ऊन छान पडलं होतं. धोबीण डोकावून म्हणाली, आजी, काय गोड गाता हो!
सुई हातातच राहिली.
धावत जाऊन सांगितलं. भिंगरी हसली. म्हणाली, तुझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, भिंतीपर्यंत कुठला जातोय? आणि दुसरं गाणं आहे का आपल्याकडे?

१०, रविवार
तिने गायला सुरुवात केली. एकही धूड फुटलं नाही. सगळी तिच्या सुरात सूर मिसळून गायला लागली. मग तिचा आवाज —
साहेब माझ्याकडे बघेनात.

११
लोखंडी माणूस चालत परत आला! फाटकाशी उभा आहे. छातीचं झाकण बंद, आत भिंगरी गातेय. साहेब म्हणतात, ती नाही, उडवून द्यायचा. मेल्यांनो, पोर आहे माझी आत!

दुपारी
नीट ऐकलं. तिसऱ्या ओळीला भिंगरी घसरते. लहानपणापासून. बुधवारी शिकवतानाही घसरली. हा आवाज घसरत नाही.
आवाज तिचा. वळण माझं.

संध्याकाळ
आजी म्हणतंय. बाहेर ये म्हणतंय.
ती नाही. कळतं मला. पण तोफा डागल्यावर हा आवाज तरी कुठे —
धोबीण कपडे नेते त्या मागच्या दाराने बाहेर आले. मागून कडी लावून घे म्हटलं तिला. रडत होती वेडी.
त्याच्या पायाशी बसलेय. झाकण उघडतंय — आत काही —
तिसरी ओळ आली. घसर गं भिंगरे. एकदा तरी घस