वरिष्ठ सभागृहाची सूचना

नेरूळ, २१ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
वैजयंतीचा सा. न. वि. वि.

घरी सगळे ठीक, एक माझं डोकं सोडून. ते तीन दिवस तापलंय.

तुझ्या भाचीचा, ऋताचा, सहामाहीचा पेपर मिळाला. नागरिकशास्त्रात विचारलं होतं, अर्थविधेयकावर शेवटचा शब्द कोणाचा. ऋताने लिहिलं, लोकसभेचा. राज्यसभा फार तर चौदा दिवस ते ठेवून घेईल, सूचना करील, पण त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. स्मिताबाईंनी भलीमोठी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, राज्यसभा वरिष्ठ सभागृह, म्हणून शेवटचा शब्द तिचाच. अरे, पुस्तकात ढळढळीत छापलंय! ऋता पुस्तक घेऊन गेली तर उद्धट ठरली. माफीचं पत्र दिल्याशिवाय या तासाला वर्गात बसायचं नाही म्हणे. दहावीची पोर व्हरांड्यात उभी!

यांचं म्हणणं, दोन ओळी लिहून दे आणि टेन्शन संपव. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बरोबर लिहिलं म्हणून माफी मागायची? ऋता तर पेन हातात घ्यायला तयार नाही. धड जेवतही नाही.

बाईंकडे म्हणे त्या स्वतः शाळेत शिकत होत्या तेव्हाच्या सरांच्या जुन्या नोट्स आहेत. साऱ्या वर्गाला त्याच्या झेरॉक्स वाटल्यात, एक सोबत जोडलीय. तू अठ्ठावीस वर्षं हाच विषय शिकवलास. हे कोण दिवटे सर ते बघ आणि चांगलं खरमरीत लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला थोडा रागही पाठव.

तुझी,
वैजू


संगमेश्वर, २७ नोव्हेंबर १९९७

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

झेरॉक्स पाहिली. ते दिवटे सर मीच.

अक्षर माझंच, एकोणतीस वर्षांपूर्वीचं, म्हणून तू ओळखलं नसशील. अडुसष्ट साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, पुस्तक न उघडता ‘वरिष्ठ’ या एका शब्दावर मी अख्खा तास रेटला होता. खालचं वाक्यही माझंच आहे: घरात वरिष्ठ बोलले की विषय संपतो, तसंच संसदेत. स्मिता तेव्हा पहिल्या बाकावर बसायची. मी दिलेलं पान जपून ठेवलंन बिचारीने. पुढल्या वर्षी चूक कळली, तेव्हा मी माझी वही दुरुस्त केली, पण त्या मुलांना काही सांगितलं नाही. नव्या मास्तराची लाज, दुसरं काय! स्वतःचाच संताप येतोय.

तरी एक सुचवतो. बोभाटा झाला तर स्मिताची शोभा होईल आणि खरं सांगायचं तर माझीही. मी तिला खाजगीत लिहितो. ऋतानेही उद्धटपणापुरती दोन ओळींची माफी द्यावी. मार्क मिळतील, विषय मिटेल. वरिष्ठ म्हणून माझं एवढं ऐकावं.

पोरीला जेवायला घाल. माझा राग आला तरी पत्र फाडू नये.

दिनानाथ


नेरूळ, २ डिसेंबर १९९७

ती. स्व. मामांना,
ऋताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता वाचता आईने पोळी करपवली. बाबा आता माफीचं नावही काढत नाहीत.

मामा, मी खूप चिडलेय, स्पष्टच लिहिते. चूक कोणाचीही होते. पण तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही गप्प बसलात! बाई इतकी वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवून तेच शिकवत आल्या. किती वर्गांनी ते घोकलं असेल! परवापर्यंत मला बाईंचा राग होता. आता बाईंसाठी राग येतो.

वरिष्ठ सभागृहाची सूचना मिळाली. कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे मी, तिचा विचार केला आणि ती फेटाळली. माफी लिहिणार नाही.

आमचा नागरिकशास्त्राचा तास शुक्रवारी असतो, दुसरा. तुम्हाला चौदा दिवस आहेत. बाईंसमोर, सगळ्या वर्गासमोर, फळ्यावर तुमच्याच अक्षरात बरोबर उत्तर लिहा. तोवर मी व्हरांड्यात उभी आहे.

लोभ आहे, म्हणूनच बोलावतेय.

तुमची,
ऋता