पितरांचा चमचा

वीर्बाव, १० नोव्हेंबर १९४२

प्रिय स्तेफाताई,

दोन महिने पत्र नाही, रागावू नकोस. जर्मनांनी शाळा बंद करून सक्तीने माझ्या दंडावर पोलिसांची पट्टी बांधल्यापासून तुला काय लिहावं, सुचत नाही. जेवणखाण ठीक आहे. मीन्स्कमध्ये पाव मिळतो का? आईचा खोकला?

हे गिरणीवाल्याच्या हाती देतोय. वाचून चुलीत टाक.

आज जर्मन हवालदाराबरोबर मारफाकाकूंच्या घराची झडती घेतली. दारावर लावलेल्या, घरात राहणाऱ्यांच्या यादीत चार नावं, टेबलावर पाच चमचे.

"पितरांचा आहे, मास्तर," काकू म्हणाल्या. "त्यांनाही परवाना लागतो का आता?"

वर्षातून एकदाचं पितरांचं जेवण शनिवारीच झालं, आणि चमचा ओला होता, म्हणजे घरात पाचवं कुणीतरी लपलं होतं. मी हवालदाराला सांगितलं, "आमच्याकडे आठवडाभर घरोघरी पितरांचा चमचा मांडतात." त्याने मान डोलावली. उद्या दुपारी तो उरलेली घरं बघणार आहे.

मागच्या महिन्यात रिगोरच्या घरी मी चमचे मोजून खरा आकडा सांगितला होता. जर्मनांनी जाळलं; ते घर आता उरलेलं नाही. आजचं खोटं दयेपोटी होतं की त्या घराच्या धास्तीने, ठरवता येत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा लावोन

उद्या सकाळी, हवालदार यायच्या आत, मला प्रत्येक घरी एक चमचा जास्त मांडायला सांगायचं आहे.