समितीतलं माझं एक मत

११ जानेवारी

निवडून आले! विद्यापीठाच्या ऊर्जा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी – अस्मादिक! विरोधात एकच जण होता. त्यानं ऐन वेळी माघार घेतली, नाटकाची तालीम होती म्हणे. असो. विजय तो विजय.

घोषणा एकच – कोळशाचा बॉयलर बंद करा! वसतिगृहांना गरम पाणी त्यातूनच येतं आणि काजळीही. प्रचार सगळा पंपनं केला. पंप म्हणजे माझी वर्गमैत्रीण. दमा आहे, औषधाचा पंप सतत हातात, म्हणून पंप. नाव तिनं स्वतःच पाडून घेतलंय. खोली बॉयलरच्या धुराड्यासमोर. ओरडून घोषणा द्यायची आणि धाप लागली की जिन्यात फतकल मारून बसायची.

घरी बाबा हसून हसून बेजार. बॉयलर तेच चालवतात ना! "अगं, मी लागलो तेव्हापासून तो दर वर्षी बंद होतोय. तू बिनधास्त बोल!"

१८ जानेवारी

पहिली बैठक. माझी खुर्ची दाराशी. दाराची कडी मोडलीय, वाऱ्यानं उघडतं. ते पायानं दाबून धरणं, हे विद्यार्थी प्रतिनिधीचं मुख्य कार्य. फोटोपुरतं मला मधोमध उभं केलं. फोटो झाला – परत दार.

रजिस्ट्रारना कसलासा हरित पुरस्कार हवाय. त्यासाठी विद्यार्थ्यांना अधिकार दिलेले दिसायला हवेत. म्हणून नवा नियम – समसमान मतं पडली तर माझं मत निर्णायक. टाळ्या! मग रजिस्ट्रार शेजारच्याला हळूच, "हिला सोडून सात सभासद आहेत हो, समसमान पडणार कशी?"

दाराशी बसलं तरी कान शाबूत आहेत माझे.

२ फेब्रुवारी

समितीनं उपसमिती नेमली. बिस्किटं बरी होती.

९ फेब्रुवारी

पंपला दवाखान्यात ठेवलंय. तोंडावर मास्क. तो बाजूला सारून विचारते काय, तर "समितीत काय झालं?" म्हटलं, उपसमिती. हसायला गेली आणि असा ठसका लागला की नर्सनं मला बाहेर हाकललं.

लाज वाटली. नुसती तोंडाची वाफ दवडतेय मी.

२० फेब्रुवारी

उद्या बॉयलरवर मतदान. बाबांनी स्वतः माझ्या कुडत्याला इस्त्री केली. "ठणकावून बोल. तसंही काही होत नाही."

आई म्हणाली, "आणि झालं तर? तुम्ही कंत्राटी. बॉयलर गेला की तुम्ही गेलात. या वयात कोण ठेवून घेणार?"

"झालं तर बघू." पण इस्त्री एकाच बाहीवरून फिरत राहिली.

२१ फेब्रुवारी

भूगोलाचे सर दाढ काढायला गेले! सातातला एक कमी. तीन विरुद्ध तीन!

सगळ्यांनी रजिस्ट्रारकडे पाहिलं, रजिस्ट्रारनी नियमाकडे, मग सगळ्यांनी दाराकडे. "विचार करून सांग हं, बाळ." बाळ! एकीकडे पंपचा मास्क, दुसरीकडे बाबा. पळून जावंसं वाटलं, दार तर पायाशीच होतं.

हात वर केला. बंद करा.

पाय सुटला आणि दार धाडकन उघडलं.

घरी सांगितलं. आई ताटावरून उठून आत गेली. बाबांनी माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाले, "हात नीट वर केलास ना? का आपलं डोकं खाजवल्यासारखं?"

"नीट केला."

"मग जेव."

जेवले. रडत रडत जेवले.

२८ मार्च

बॉयलर थंड. पंप पहिल्यांदाच खिडकी उघडी टाकून झोपली. पोरांनी मला डोक्यावर घेतलंय. रजिस्ट्रारना पुरस्कार मिळाला, भाषणात मला "आमची वाघीण" म्हणाले. दाराची कडी अजून तशीच.

बाबा दिवसभर ओट्यापाशी. चहाखालचा गॅस बारीक करतात, मोठा करतात, आच बघतात. "यांना माझ्या स्वयंपाकघरातून आधी बाहेर काढ," आई म्हणाली. हसलो आम्ही दोघी. मग हसू येईना.

९ एप्रिल

बॉयलर विकला गेला. दुसऱ्या गावच्या एका कॉलेजनं घेतलाय. चालवायला जाणता माणूसही हवा होता त्यांना. बाबा सकाळी बॉयलरच्याच ट्रकमधून गेले, ड्रायव्हरशेजारी बसून, शीळ घालत. तिथं मुलींचं वसतिगृह बॉयलरच्या भिंतीला अगदी लागून आहे म्हणे.

आणि मला हायसं वाटलं. देवाशपथ, हायसं वाटलं.