छातीवरच्या निळ्या रेघा

६ ऑक्टोबर

पहिला शेक झाला. अठ्ठावीसांतला एक! मशीनवर दोनच मिनिटं, बाहेर बसणं दोन तास. आप्पांच्या छातीवर, पोटावर निळ्या रेघा मारल्यात — किरण अन्ननलिकेतल्या गाठीवरच पडावेत म्हणून. मशीनवरची वैदेही बजावत होती, "आप्पा, शेक संपेपर्यंत रेघांना पाणी नाही, तेल नाही, साबण नाही. पुसल्या की सगळं पहिल्यापासून."

आप्पा म्हणाले, "मोजणीच केली म्हणा की माझी! हद्दीचं दगड तेवढं रोवायचं ऱ्हायलं."

ती हसली. आई हसली नाही.

९ ऑक्टोबर

संशोधन विभागातली मुलगी आली होती. गाठीचा तुकडा अभ्यासासाठी ठेवायचा, सही हवी. पुढच्या पेशंटना उपयोग होईल, म्हणाली.

"बेणं न्हेताय व्हय? न्या. पर लावू नगा कुठं!"

जन्मभर ऊस केलेला माणूस. सही मात्र सावकाश, पूर्ण नावाची.

१५ ऑक्टोबर

आठ झाले. गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी वाटी धरून "अजून एक घोट" म्हणत राहते. ते माझ्याकडे बघतात आणि घेतात.

२० ऑक्टोबर

अकरा. आता तीन दिवस मशीन बंद. आई म्हणाली, "दिवाळीचा दिवा घरी लागू दे." गाडी करून दोघांना इंदापूरला, गावी पाठवलं. मी बारामतीतच राहिले. शाळेचे पेपर तपासायचेत म्हणून सांगितलं. खरं कारण — झोप. इथं तरी खरं लिहावं.

२४ ऑक्टोबर

वैदेहीनं आप्पांचा सदरा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. छाती स्वच्छ! एक रेघ नाही. अंगाला उटण्याचा वास.

आई दाराशी उभी. "पाडवा व्हता. न्हाऊ घातलं."

पाडव्याला बायकोनं नवऱ्याला तेल-उटणं लावायचं. पन्नास वर्षांत तिचं एकदाही चुकलेलं नाही. हे मला ठाऊक होतं! फोन करून आठवण करून द्यायचं काम माझं होतं. मी झोपले होते. तरी तिच्यावरच ओरडले. "अक्कल कुठं ठेवली होतीस? जीव घेशील त्यांचा!" बाकावरची सगळी माणसं बघत राहिली. आई पदर सारखा करत राहिली.

आप्पा म्हणाले, "राजी, पुरे." एवढंच.

आता नव्यानं स्कॅन, नव्यानं रेघा.

२७ ऑक्टोबर

नव्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसलेत.

२८ ऑक्टोबर

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच कळलं. "बरं होण्यासाठीचा शेक आता नाही. गिळता यावं, दुखणं कमी व्हावं, एवढ्यासाठी पाच-सहा देऊ."

"आंघोळीमुळे झालं का हे?"

"नाही हो. हे आधीपासूनच असणार. रेघा राहिल्या असत्या, तर उशिरा कळलं असतं, एवढंच."

हेच आईला सांगा, म्हटलं. त्यांनी सांगितलं. समजावून, दोनदा. आई नुसती मान हलवत होती.

बाहेर आल्यावर तिची माफी मागायची होती. "चहा घेतेस?" एवढंच तोंडून निघालं.

५ नोव्हेंबर

शेवटचा शेक. वैदेहीनं स्वतःच्या हातानं रेघा पुसून दिल्या. पाठ फिरवून नाक पुसलं पोरीनं. उद्या आप्पांना गावी न्यायचं.

१८ नोव्हेंबर

ऊसतोड सुरू झाली. आप्पा खाटेवरून ट्रॅक्टर ऐकतात. आवाजावरून कुणाचा ते सांगतात!

माझ्या हातून पाणी घेत नाहीत. आईच्या हातून चमचाभर घेतात. मला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याची लाज वाटली.

३ डिसेंबर

आप्पा गेले. सकाळी, अंगणात ऊन आल्यावर.

१६ डिसेंबर

काल तेरावा झाला. आज आईची माफी मागितली — दवाखान्यात चारचौघांत बोलले त्याची.

ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

"रेघा मी इसरले न्हवते, राजी. त्येच म्हणाले, घासून काढ. समदं जाऊ दे. मला आता सोसत न्हाय, आन् पोरीला न्हाय म्हणवत न्हाय."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, आई! मी तुला एवढं बोलले —"

"मला बोललीस. सांगितलं असतं, तर त्येंला बोलली असतीस."