खंडेनवमीचं तेल

१४ सप्टेंबर, रविवार

आधी बूट घ्या रे, बूट! सांगून सांगून घसा कोरडा पडला आज. हिंजवडीहून एक नवा आलाय नेमबाजीच्या रेंजवर. एअर पिस्तूल परदेशी, नवंकोरं, आणि पायात पळायचे मऊ मऊ बूट! टाच डुलली की कंबर डुलते, कंबर डुलली की हात. सपाट, कडक तळाचे बूट आधी. मग हाताच्या मापाची ग्रिप, म्हणजे मूठ. पिस्तूल सगळ्यात शेवटी. तर मलाच विचारतो, "मॅडम, तुमचं सेकंडहँड आहे ना?" आहे! पण ग्रिप माझ्या हाताची आहे. वर्षभर पुट्टी लावली, कानसली, पुन्हा पुट्टी लावली. डोळे मिटून धरलं तरी नेमाची पुढची-मागची साइट एका ओळीत येते. तुझी येते का? असं तोंडावर म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं, म्हणून आता इथे भांडतेय.

१७ सप्टेंबर

कंपनीत सुपरवायझरने चार तारखेची रजा नाकारली. "नेमबाजी? म्हणजे जत्रेतले फुगे का?" वर दात काढून हसला. चार ऑक्टोबरला राज्य संघाची निवड चाचणी आहे, ज्युनिअर गटातलं माझं शेवटचं वर्ष आहे — कोणाला सांगू! मी जाणार. घे काढून गेटपास.

२१ सप्टेंबर, रविवार

घरी कोऱ्या भिंतीसमोर सराव करत होते. छर्रा न भरता. समोर टार्गेट नसलं की नजर पळत नाही, पुढच्या साइटवर, फोरसाइटवरच राहते. ती स्पष्ट, बाकी सगळं धूसर. ट्रिगर हळूहळू दाबायचा, कधी सुटला ते आपल्यालाही कळता कामा नये. आणि ऐन त्या क्षणी मागून बाबा — "भिंतीकडं काय बघायलीस तासभर? खेळणं ठिव ते. जेव आधी."

खेळणं! आयुष्यभर कंपनीच्या टूलरूममध्ये केसाएवढ्या फरकासाठी भांडलेला माणूस, आणि माझ्या पिस्तुलाला खेळणं म्हणतो. आई म्हणाली, "सेकंड शिफ्ट लागल्यापासून चिडचिडे झालेत गं." मग? मीही पहाटे उठून चाकणची बस पकडतेच की.

२६ सप्टेंबर

सरावात एक शॉट आठवर गेला. राग आला, लगेच पुढचा मारला — सात! वाईट शॉटनंतर पिस्तूल खाली ठेवायचं, हे सगळ्या रेंजला मीच शिकवत फिरते!!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी



शिफ्ट करून घरी आले. संध्याकाळी रेंजवर शेवटचा मोठा सराव ठरला होता. कपाटातून पिस्तुलाची केस काढली — रिकामी. बाहेरच्या खोलीत पाट मांडलेला, त्यावर लाल कापड, कापडावर माझं पिस्तूल. हळदीकुंकू, झेंडू, अक्षता. आणि तेल! पुसून पुसून चमकवलेलं. जिच्यावर उजेड चमकू नये म्हणून मी काजळी धरते, ती फोरसाइट आरशासारखी लखलखत होती. ग्रिपचं लाकूड तेल पिऊन काळं पडलेलं, हाताला बुळबुळीत. हवेच्या सिलिंडरच्या जोडावरसुद्धा तेल, जिथे तेलाचं बोटही लागायला नको!

"कोणी हात लावला याला?"

बाबा पाटाशीच बसले होते. म्हणाले, "आज खंडेनवमी हाय. हत्यार पुजायचं असतंय."

आज हत्यार झालं! कालपर्यंत खेळणं होतं ना? मी उचलायला वाकले तर आई मध्ये आली. "अगं करिष्मा, पूजेतलं उद्यापर्यंत हलवत नाहीत!" मी उचललं. निरांजन कलंडलं, अक्षता सांडल्या. म्हटलं, "तुमची टूलरूमची हत्यारं पुजा हवी तेवढी. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. एकदा तरी रेंजवर आलात का बघायला?"

बाबांनी निरांजन सरळ केलं. अक्षता गोळा करत राहिले. त्याचाही राग आला. भांडा ना माझ्याशी!

रेंजवर गेलेच नाही. अशा ग्रिपने काय मारणार.

२ ऑक्टोबर, दसरा

रेंजवरच्या आमच्या कोचना, गणराज सरांना फोन केला. म्हणाले, "सिलिंडर काढ, जोड कोरडा कर. ग्रिप स्पिरिटने पूस, घास, पुट्टी लाव. आणि रडू नको." मी म्हटलं, रडत नाही सर, चिडलेय. "मग ते जास्त वाईट. चिडलेला हात ट्रिगर ओढतो, दाबत नाही."

दिवसभर घासत बसले. वर्षभराचं काम पॉलिश पेपरवर भुकटी होऊन पडत होतं. नवी पुट्टी पंख्याखाली वाळतेय. तळहाताच्या खळग्यात जरा हलतेच. बाबांनी आपट्याची पानं पुढे केली. मी म्हटलं, टेबलावर ठेवा.

३ ऑक्टोबर

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. बरंच आहे. सरावाला शांतता लागते.

४ ऑक्टोबर

निवड झाली!!

दहा शॉट्सची पहिली सिरीज भयंकर गेली. ग्रिप हलली, आठ, आठ, सात. डोक्यात तो पाट, ते झेंडू, ते तेल! मग पिस्तूल खाली ठेवलं. खुर्चीत बसले. पाणी प्यायले. शेजारच्या पोरी धडाधड मारत होत्या, घड्याळ पळत होतं, मी बसून राहिले. पुन्हा उठले तेव्हा पाय नव्याने रोवले, मनगट आवळलं आणि फक्त फोरसाइट बघितली. तेवढंच केलं, शेवटपर्यंत. यादीत शेवटून दुसरं नाव माझं. पण आहे!

घरी आले तर बाबा दारातच उभे. "काय झालं?" सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि आत गेले. एवढंच! एका मिठाईच्या तुकड्याचीही माझी लायकी नाही का? तशीच उपाशी झोपतेय.

५ ऑक्टोबर

आईने आज सांगितलं. बाबांची टूलरूम गणपतीतच बंद झाली. सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवलं, टूलबॉक्ससुद्धा गेटवर ठेवून घेतले. "लेकराची परीक्षा होईस्तोवर बोलायचं न्हाई," असं बाबांनी तिला बजावलं होतं. सेकंड शिफ्टला म्हणून घरातून निघायचे, ते काम शोधायला.

दर खंडेनवमीला ते स्वतःची हत्यारं घरी आणून पाटावर मांडायचे. यंदा मांडायला त्यांच्याकडे एक पानाही नव्हता. घरात हत्यार म्हणावं असं एकच होतं. ते मी उचलून घेतलं.