उजव्या खिशाचा कोट

चिंचवड,
१४ एप्रिल १९५७

चिरंजीव दत्तू,

तुझ्या आक्काचे तुला पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघी मजेत आहोत. तू भुसावळच्या उन्हात रेल्वेची चाकरी करतोस, तर डोक्याला ओला पंचा बांधत जा. बर्फाचा गोळा खाऊ नकोस, तुझा घसा लहानपणापासून कुरकुऱ्या आहे. माझ्या अक्षराला हसायचं नाही. तुझ्या लेकीच्या पहिलीच्या पुस्तकावर शिकले मी, मास्तर कुणी नव्हता, त्यामुळं वेलांट्या जिथं जागा मिळेल तिथं बसतात.

मनिऑर्डर पोचली. पोस्टमननं नव्या पैशांची शिकवणीच घेतली माझी. रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते या महिन्यापासून शंभर झाले. म्हणजे आपण श्रीमंत झालो की गरीब, ते चिंचवडात अजून कुणाला उमगलेलं नाही.

सुमन आनंदात आहे. तिची आई गेल्यापासून माझ्या पदराखाली वाढलेली तुझी पोर आता महिन्याभरात दुसऱ्याच्या घरी जाणार म्हणून मीच अधूनमधून चुलीशी नाक ओढते, ती नाही. तिचा ज्योतीराम परवा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातून सुटल्यावर सायकलवरून आपल्या दारावरून गेला. उगाच दोनदा घंटी वाजवली. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आता एक गंमत. इथं स्टेशनाजवळ महिला मंडळानं एक दुकान काढलंय. लोक त्याला धर्माचं दुकान म्हणतात. नव्या कारखान्यांतल्या साहेबांच्या घरचे आणि पुण्याच्या बंगल्यांतले लोक नको झालेले कपडे, भांडी, खुर्च्या तिथं आणून देतात. मंडळाच्या बायका त्यावर भाव लिहितात, आणि विक्रीचा पैसा गरिबांच्या दवाखान्याला जातो. फुकट मात्र काही नाही. गल्ल्यावर शालनबाई असतात. त्या म्हणाल्या, "फुकट दिलं की घेणारा खाली मान घालून नेतो. भाव लावला की चार नावं ठेवून, ताठ मानेनं नेतो." मला पटलं बाई.

पण आपल्या बायकांना ही रीत पचेना. मोशीची एक म्हातारी जुन्या लुगड्यांचं बोचकं घेऊन आली आणि म्हणाली, "ह्याच्यावर येक जाड बुडाचं पातेलं द्या." शालनबाईंनी समजावलं, की आजी, आम्ही बोहारणी नाही, इथं कपड्यांवर भांडी मिळत नाहीत. म्हातारी म्हणते, "मंग लुगडी घेता आन् भांडं देत न्हाई, ही कुठली गं रीत? बोहारीण परवडली की!" तेवढ्यात तिला कंदील दिसला. वर चिठ्ठी, पंच्याहत्तर नवे पैसे. "पंच्याहत्तर पैसं? रुपायाच्या वर?" शालनबाई म्हणाल्या, "अहो, बारा आणे झाले." म्हातारी म्हणाली, "बारा आणं तर बारा आणं लिवा की! उगा छाती दडपून टाकली माजी." आणि घेऊन गेली कंदील. बोचकं तिथंच ठेवून गेली, दवाखान्याला.

मी तिथं नुसती बघायला जाते. पितळेची भांडी चांगली येतात, पण सगळ्यांवर कुणाकुणाची नावं कोरलेली. "दुसऱ्याच्या आत्याबाईचं नाव रोज घासू होय?" म्हणून बायका भाव पाडतात. कपड्याचं म्हणशील तर आताच्या नव्या कापडापेक्षा तिथलं जुनं बरं. नवं कापड पहिल्या धुण्यात खळ सोडतं आणि मच्छरदाणी होतं. जुन्यानं आपलं काय ते दाखवून झालेलं असतं. विजारीचे गुडघे, कोटाची कोपरं, घोंगडीची कड आणि गादीचा वास, एवढं बघितलं की फसवणूक नाही.

असो. कोट घेतला. कापड झकास आहे. तू लिहिलंस, "जावयाला नवाकोरा कोट पाहिजे, कुणाच्या अंगाला न लागलेला." का लिहिलंस ते मला कळतं. ती गोष्ट मी काढत नाही. दुकानाचं म्हणशील तर ते काय पत्रात लिहायचं, आलास की बोलू. उरलेले पैसे वाया गेलेले नाहीत, एवढं खरं.

अक्षय्य तृतीयेला विहीणबाई पोशाख बघायला यायच्या आहेत. सुभद्राबाई मूळच्या साताऱ्याकडच्या, आता इथून जवळच राहतात, नजर फार बारीक. मागे एक ठरत आलेलं स्थळ त्यांनी पातेली पातळ निघाली म्हणून परत पाठवलं, असं कानावर आलं. सुमन तेव्हापासून जेवताना घास हातात धरून बसते. तू तिथून देवाला एक नारळ बोल. मी इथून बोललेच आहे.

तुझी,
आक्का


चिंचवड,
४ मे १९५७

चिरंजीव दत्तू,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि ओळ एकच, "कोट कुठल्या दुकानचा?" उरलेल्या कोऱ्या जागेत तुझा राग मावला असेल, असं धरून चालते.

धर्माच्या दुकानचा. झालं, लिहिलं.

आता पत्र फाडू नकोस, पुढं वाच. तुझे पैसे घेऊन मी आणि सुमन पुण्याला जायलाच निघालो होतो. गाडीला वेळ होता म्हणून दुकानात डोकावलो. तिथं खुंटीला हा कोट. खांद्यांवर उन्हानं विटलेला, कोपरं घासून चकाकणारी. मी तो सोडून पुढं सरकले, पण तुझ्या लेकीनं त्याची बाही उलटी केली आणि मला हाक मारली, "आत्या, आतून बघ." आतून कापड असं, की काल मागावरून उतरलंय. "आपण हा उलटवू," म्हणाली. आणि कोपऱ्यात एक शिवणाचं हातमशीन होतं, त्याच्याकडं तिनं बघितलं. मागितलं नाही रे तिनं. नुसतं बघितलं. लहानपणी जत्रेत फुग्यांकडं तू बघायचास तसं.

तुझ्या पैशात पुण्याचा एक नवा कोट आला असता. त्याच पैशात मी हा कोट आणि ते मशीन घेतलं. मशीनचा दांडा मोडलेला होता, तो सुताराकडून लाकडाचा बसवून घेतला. दिसायला लंगडं आहे, पण टाका मोत्यासारखा पडतो. घेण्याआधी माझ्या पदराच्या कडेवर चालवून बघितलं मी.

मग पोरीनं कोटाची सगळी शिवण उसवली, तुकडे धुऊन वाळवले आणि आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवला. जुनी काजं रफू करून बुजवली, नवी काढली. मंडळाच्या शिवणवर्गात शिकली तेवढ्यावर! मला वाटलं होतं, देव आला तरी ओळखायचा नाही. पण एक गोष्ट तिच्या हातात नव्हती. छातीवरचा खिसा. कोट उलटला की डावीकडचा खिसा उजवीकडं जातो. बुजवायला जावं तर चीर दिसते. म्हणून मी त्यात रुमाल खोचला आणि देवाचं नाव घेतलं.

तर परवा विहीणबाई आल्या. पाणी झालं, पन्हं झालं. कोट पुढं ठेवला. त्यांनी कापड चिमटीत धरून चोळलं, शिवण ताणली, कॉलर उलटून बघितली. आम्ही दोघी भिंतीला टेकून. मग त्यांचं बोट रुमालावर येऊन थांबलं.

"इहीणबाई, चिंचवडात रुमाल उजव्या अंगाला ठेवत्यात व्हय?"

मी म्हटलं, "नवी फॅशन आहे."

"आसं?" त्या म्हणाल्या. "आमच्या मालकांचा कोट म्या दोनदा उलटवला हुता. पैल्यांदा खिसा उजवीकडं गेला, दुसऱ्यांदा परत जागंवर आला. तवा आमचीबी फॅशनच हुती म्हनायची."

दत्तू, मी पन्ह्याचं रिकामं भांडं उगाच पदरानं पुसत बसले. सुमन दाराआड गेली. विहीणबाई कोट घेऊन उठल्या, उजेडाला गेल्या, बाही उलटी करून आतलं घासलेलं, चकाकणारं कोपर बघू लागल्या. आणि एकदम ओरडल्या, "थांबा! ह्यो कोट मला ठावं हाय!"

मी म्हटलं, संपलं. पातेल्यांची गत आता कोटाची.

"आवं, म्या दोन आठवडी बाजार ह्याच्यापायी घासाघीस करत हुते! ज्योतीला कचेरीत घालायला. त्या गल्ल्यावरच्या बाईला म्हनलं, रुपाया कमी कर. ती हटंना. म्हनलं, ऱ्हाऊ दे, बुधवारी येती, मुकाट देशील. बुधवारी जाती तर खुंटी मोकळी! दिसभर शिव्या दिल्या, कोन भवानी घिऊन गेली म्हनून."

"ती भवानी मीच," मी म्हटलं. खोटं बोलायला जीव उरला नव्हता.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कितीला घेतला?"

"लिहिलेल्या भावाला."

"समदा? समदा भाव दिला?" कपाळावर हात मारून मट्‌कन खालीच बसल्या. "आवं, रुपाया तरी पाडायचा! आशानं लोक डोक्यावर बसत्यात!" मी हसायला लागले, मग त्या हसायला लागल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उलटवला कुनी? शिंपी कोन?"

"तुमची होणारी सून," मी म्हटलं. "दाराआड आहे."

"भाईर ये गं." सुमन आली. विहीणबाईंनी एकेक काज अंगठ्यानं चाचपून बघितलं. सगळी झाल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पातेली जाड द्या न्हाईतर पातळ द्या. ही काजं माझ्या घरात आली पायजेत." मशीन बघितल्यावर तर त्यांनी आपल्या पोलक्याचं माप तिथंच देऊन टाकलं. लग्न वद्य पंचमीला पक्कं.

ज्योतीराम काल कोट घालून बघायला आला. या वैशाखात घामाच्या धारा लागल्या तरी काढेना. आईनं सगळं सांगितलं होतं. म्हणाला, "आत्या, खिसा उजवीकडं असला की हे पटकन सापडतं," आणि त्यातून सुमनसाठी आणलेलं अबोलीचं वळेसर काढलं.

आता तुझं. मी म्हटलं होतं, ती गोष्ट काढत नाही. काढते. तुझ्या लग्नात गावातल्या बबनरावांचा कोट मागून आणला होता. पंगत उठली नव्हती, तोच त्यांचा माणूस आला. मालकांना सकाळी खेडच्या कचेरीत जायचंय, कोट द्या. तू चारचौघांत बटणं सोडलीस आणि वरातीत सदऱ्यावर बसलास. हसत होतास, पण मी तुझी बहीण आहे. त्या दिवसापासून तुझ्या मनात "नवाकोरा" बसलाय, ते मला ठाऊक आहे रे राजा.

पण मागून आणलेलं वेगळं आणि मोल देऊन घेतलेलं वेगळं. हा कोट मागायला कुणी येणार नाही. ज्या साहेबाचा होता तो मांडवात जेवून गेला तरी ओळखणार नाही, आपल्या पोरीनं त्याला असा उलटा करून बसवलाय. जावयाच्या अंगावर तुझ्या लेकीचा टाकाटाका आहे. पुण्याच्या कुठल्या दुकानात मिळाला असता हा?

काल मी आणि विहीणबाई दोघी मिळून दुकानात गेलो. शालनबाई आम्हाला एकत्र बघून खुर्चीतच सरसावून बसल्या. तिथं एक राखाडी कोट होता, बारीक रेघेचा, कोपरं धड, खांदे रुंद, थेट आपल्या बाबांसारखे. म्हणजे तुझ्याच मापाचा. विहीणबाईंनी असं काही भांडण मांडलं, की शालनबाईंनी हात जोडून सव्वा रुपया कमी केला. "व्याह्यांना सांगा," विहीणबाई म्हणाल्या, "भाव कसा पाडायचा त्ये माझ्याकडनं शिका."

तेव्हा रजा काढ आणि हसत ये. मांडवात तो कोट घाल, पंगतीत घाल, वरातीत घाल. सकाळ झाली तरी काढू नकोस. भुसावळच्या गाडीत बसशील तेव्हाही अंगात असू दे, घाम आला तर येऊ दे.

याला उलटवायची गरज पडलेली नाही. खिसा डावीकडंच आहे, आणि कोट तुझा आहे.

वाट बघणारी,
तुझी आक्का, पुतळा