तीन ते साडेपाच

बाबा, आज सोमवार, आमचं हॉटेल बंद. सकाळपासून खोलीत बसलोय आणि एका पत्राला उत्तर द्यायचं सोडून तुम्हाला लिहितोय. पत्र आपल्या घाटकोपरच्या चाळीतून आलंय, शेजारच्या पोस्टमनकाकांच्या मुलाचं. तो बी.एस्सी. झाला, दोन वर्षं जर्मनच्या क्लासला गेला, आणि आता मी राहतो त्याच गावच्या युनिवर्सिटीत त्याला प्रवेश मिळालाय. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी पोचतोय. विचारतो, "दादा, तिथं सगळं जर्मनमधूनच शिकवतात ना? लेक्चर समजायला तुला किती दिवस लागले? स्टेशनवर येशील ना रे घ्यायला?" त्याला वाटतं मी इथं शिकतो. अख्ख्या चाळीला वाटतं. मीच तीन वर्षांपूर्वी आईला तसं कळवलं, सोबत फोटो पाठवला: युनिवर्सिटीच्या पायऱ्या, आणि कुणाचं तरी पुस्तक छातीशी धरून मी. खरं म्हणजे मी समोरच्या गल्लीतल्या पंजाबी हॉटेलात तंदूर सांभाळतो. तुम्ही गेल्यावर अंधेरीला हेच करत होतो. तिथल्या मालकाच्या भावानं मला इकडे आणलं.

मुलुंडच्या तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायचे. मी सहावीत असेन. तुमच्या लेथला झेंडूचा हार घातलाय, तेलाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलाय. नवा शर्ट घालून तुम्ही मला मशिनीपुढे उभं करता. तिच्यावर पितळेची पाटी आहे, जर्मनमधली. "वाच," तुम्ही म्हणता. मी इंग्रजी समजून अडखळत काहीतरी वाचतो. बाजूच्या मशिनीवरचे काका हसतात, "तुझो झील सायब झालो रे!" तुमचा चेहरा पडतो. "मेल्या, येना नाय तर गप उभो रव." पण घरी येताना बसमध्ये माझ्याकडे न बघता तुम्ही बोललात. त्या मशिनीची चोपडी जर्मनमध्ये आहे, काही बिघडलं की अंदाजानं खोलावी लागते, अख्ख्या खात्यात वाचणारा एक नाही. "तू शिक," म्हणालात. दोन वर्षांनी मी शाळा सोडली. तुम्ही मारलं नाहीत.

इथं दुपारी तीन ते साडेपाच हॉटेल बंद असतं. पहिल्या थंडीत खोलीतली शेगडी पेटेना, म्हणून युनिवर्सिटीत शिरलो. दारावर कुणी विचारत नाही. मोठा हॉल, पायऱ्यापायऱ्यांची बाकं. शेवटच्या रांगेत बसलो. मास्तर म्हातारा, भरभर बोलत होता, एक शब्द कळेना. मग त्यानं फळ्यावर चित्र काढलं, तर लेथचं हत्यार! धार कशी, कापलेल्या लोखंडाची चिप कुठून निघते, सगळं ओळखीचं. मी पुढे सरकून बघत राहिलो. तास संपला आणि एकदम दोनशे पोरं बाकं बडवायला लागली, टक टक टक. आमच्या वर्गात मास्तर कुणाला बाहेर हाकलायचे तेव्हा पोरं अशीच बाकं बडवायची. वाटलं, पकडला गेलो. मफलर तिथंच टाकून पळालो. शनिवारी आमच्याकडे भांडी घासायला येणारा जर्मन विद्यार्थी हे ऐकून हसून हसून लोळला. "अरे, त्या आमच्या टाळ्या!" म्हणाला. "मास्तरांसाठी. तुझ्यासाठी कोण वाजवणार?"

तेव्हापासून जातोच. आता शब्द थोडे कळतात, वाक्य अजून हातातून निसटतं. शेवटी मीही बाक वाजवतो. तिथं माझ्याशी कुणी बोललंच तर एवढंच, "ही जागा रिकामी आहे का?" मी हो म्हणतो, आणि तो पोरगा तिथं आपली बॅग ठेवतो.

दुपारी पोस्टमनकाकांच्या मुलाला उत्तर लिहून टाकलं. येऊ नकोस, भाषा फार जड, पोरं वर्षात परत जातात, तिथंच कुठं नोकरीला चिकट. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, बूट घातले आणि परत खाटेवर बसलो. खोटं उघडं पडेल याची लाज आहेच, बाबा. पण तो पुढच्या रांगेत बसेल, त्याला सगळं समजेल, भराभर वहीत उतरवेल, आणि मी मागून त्याची मान बघत बसेन, याचा मला जास्त राग आला. त्यानं माझं काय वाकडं केलंय? दोन वर्षं क्लासला गेला, एवढंच ना. पाकीट फाडलं. दुसरं लिहिलं, "ये. जाड स्वेटर आण. मी स्टेशनवर असेन." तेवढंच, आणि लगेच पेटीत टाकून आलो.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र जाणार कुठं, गादीखाली राहील. तंदूरचं त्याला भेटल्यावर सांगेन असं ठरवलंय. पण तो येईल त्या शनिवारीही साडेपाचला कामावर पळावं लागणार, आणि कुठं चाललास म्हणून तो विचारणारच. मालक खालच्याच मजल्यावर राहतो. मघाशी जाऊन त्या दिवसाची सुट्टी मागून आलो.